मागचं वल्हं

बाळकुमच्या त्या सोसायटीत पार्किंगच्या शेवटच्या खांबाला टेकून एक पिवळी होडी वर्षभर उभी होती. डिसेंबर लागला तसं सेक्रेटरींनी उत्तमला खाली बोलावलं आणि अगदी अवघडत सांगितलं, की खांबांना रंग द्यायचाय, तेवढी होडी कुठं हलवता आली तर बघा. अवघडण्याचं कारण सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. मागच्या डिसेंबरात त्याच होडीतून उत्तम आणि त्याची एकुलती एक लेक अक्षदा खाडीवर गेले होते. बाप परत आला, होडी परत आली. अक्षदा तिसऱ्या दिवशी कांदळवनात सापडली.

उत्तम बरं म्हणाला आणि वर आला. बायकोला, शेवंतीला, काही बोलला नाही. तिच्यासमोर होडीचं नाव काढायचं नाही, हे घरात न बोलता ठरून गेलं होतं.

उत्तमचा जन्म एसटीत गेला. एकतीस वर्षं तो खोपट डेपोचा ड्रायव्हर होता. महाड, पोलादपूर, चिपळूण या लाइनीवर, घाटात दाट धुक्यातून गाडी काढावी तर उत्तमनंच, असं डेपोत म्हणायचे. रिटायर झाल्यावर मात्र तो घरात बसून विझत चालला. सकाळी चारला जाग यायची आणि जायला कुठं नसायचं. बापाचं हे असं झालेलं अक्षदाला बघवेना. ती सत्तावीसची, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत कामाला. ऑफिसातल्या कोणाच्या तरी नादानं तिला कयाकमधून मासे धरायचा छंद लागला होता. तिनं सरळ दोन माणसांची होडी घरी आणली. प्लास्टिकची, वरून उघडी, पुढे एकानं बसायचं आणि मागे एकानं. होडी कुठं वळणार ते मागच्याच्या वल्ह्यावर. म्हणून ती मागे आणि बाप पुढे.

"एकतीस वर्षं तुम्ही चालवलीत, पप्पा," ती म्हणाली होती. "आता मी चालवणार. तुम्ही समोर बघायचं आणि मागे वळायचं नाही. होडी कलंडते."

मग दर रविवारी दोघं भरती-ओहोटीची वेळ बघून निघायचे. मागून ती वल्हवायची, बडबडायची, ऑफिसातल्या गमती सांगायची. उत्तम पुढे गळ टाकून बसायचा आणि समोरच्या पाण्याकडे बघत नुसता ऐकायचा. घरात बाप-लेकीचं कधी एवढं बोलणं झालं नव्हतं. तोंडासमोर बसून जे बोलता येत नाही ते नुसतं मागे बसून बोलता येतं, हे त्याला या वयात कळलं. तिला एक मुलगा आवडत होता. तेही तिनं त्याच्या पाठीलाच सांगितलं. उत्तम म्हणाला, की त्याला एकदा घरी जेवायला बोलाव.

ते जेवण राहूनच गेलं.

रेतीच्या बार्जची लाट आली आणि होडी उलटली, असं उत्तमनं पोलिसांना सांगितलं. शेवंतीला तेच सांगितलं, आल्यागेल्याला तेच सांगितलं. बार्ज चालवणारा तांडेल दिवा गावचा होता. त्याला आठ दिवस आत काढावे लागले, हातचं काम गेलं, आणि केस अजून चालूच होती. शेवंती एकही तारीख चुकवायची नाही. कोर्टाच्या बाकावर बसून त्या माणसाकडे टक लावून बघत राहायची. उत्तमला मात्र तारखेच्या दिवशी हटकून चक्कर यायची, तो घरीच पडून राहायचा. लोक म्हणायचे, बापाचं काळीज आहे, त्याला त्या माणसाचं तोंड बघवत नाही. खरंच होतं ते. त्याला बघवत नव्हतं.

होडीचं काय करावं हे सुचेना तेव्हा तो सुधीरकडे गेला. सुधीर त्याच्या गाडीवर चौदा वर्षं कंडक्टर होता. दाभोळच्या खाडीकाठी वाढलेला, नव्वद किलोचा, पाण्याला न भिणारा माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि सुचवलं, की होडी गावी भाच्याकडे पाठवून देऊ, पण त्याआधी एकदा तू तिच्यात बस. जिथं पोर गेली तिथं दोन फुलं सोड. अशी खांबाला लावून ठेवलीस तर ती तुझ्या छातीवरून कधी उतरायची नाही. मी बसतो मागे.

रविवारी सकाळी सातला दोघं होडी ढकलत खाडीवर आले. धुकं असं होतं की घाटाच्या पायऱ्या पाण्यात कुठं शिरतात तेही कळत नव्हतं. समोरच्या काठावरचं काल्हेर गाव पुसून गेलं होतं. कशेळीच्या पुलावर ट्रक अडकले होते, त्यांचे हॉर्न तेवढे वरून कुठूनतरी यायचे आणि धुक्यात विरायचे. भरती पुरी भरून पाणी थांबलं होतं. आता थोड्या वेळात ते उलटणार होतं.

उत्तमनं पिशवीतून झेंडूची फुलं काढून पायाशी ठेवली आणि तो सवयीनं पुढे बसला. सुधीर गुडघाभर चिखलात मागे उभा होता.

"तू बस. मी ढकलतो आणि चढतो," सुधीर म्हणाला.

होडी चिखलावरून सरकली, पाण्याला लागली. मागची बाजू जराशी दबली. मग वल्ह्याचा पहिला आवाज आला, चुबुक, आणि पाणी निथळलं. पुन्हा चुबुक. किनारा दोन-चार हातांतच नाहीसा झाला.

ड्रायव्हरला मागे किती माणसं आहेत हे वळून बघावं लागत नाही. गाडीच्या चालीवरूनच त्याला कळतं. उत्तमच्या मनात एवढं आलं, की नव्वद किलोचा माणूस बसला तर होडी यापेक्षा जास्त दबायला हवी होती. पण इतक्या दिवसांनी तो पाण्यावर आलेला. त्यानं तो विचार पुढे नेला नाही. इंजिनाशेजारी जन्म काढल्यानं त्याचा उजवा कानही मंद झाला होता. मागे किनाऱ्यावरून कोणी हाक मारली असती, तरी ती हॉर्नमध्ये मिसळून गेली असती.

होडी सरळ चालली होती. उत्तम मधूनमधून वल्हं मारत होता, पण त्याची गरजच नव्हती. मागचं वल्हं एका लयीत पडत होतं, डावं, उजवं, डावं, उजवं. तिवरांची काळी टोकं धुक्यातून वर यायची आणि मागे सरकायची. कुठंतरी एक बगळा उडाला, तो दिसला नाही, पंखांचा फडफडाट तेवढा डोक्यावरून गेला. सुधीर एरवी गप्प बसणारा माणूस नव्हे. आज तो एक शब्द बोलला नाही, त्याचं उत्तमला बरंच वाटलं. मित्र असावा तर असा.

जागा जवळ आली तसा वास आला. खाडीच्या चिखलाला वास असतोच, त्याची उत्तमला सवय होती. हा त्याहून गार होता. खूप दिवस पाण्याखाली राहिलेल्या कपड्यांचा असतो तसा. तो समोरून येत नव्हता. मानेवरून, मागून पुढे येत होता.

"इथंच," उत्तम म्हणाला. "इथंच थांबव."

मागचं वल्हं थांबलं.

त्यानं फुलं पाण्यात सोडली. ती होडीशेजारी जागच्या जागी तरंगत राहिली आणि मग अगदी हळू, वसईच्या अंगाला सरकू लागली. ओहोटी लागली होती. त्या सरकत्या फुलांकडे बघताना, वर्षभर दातांखाली धरून ठेवलेली गोष्ट उत्तमच्या तोंडून सुटली. मागे वळून सांगायची हिंमत त्याला झाली नसती. पण पाठीमागच्या माणसाला सांगता येतं, हे त्याच्या लेकीनंच त्याला शिकवलं होतं.

"सुधीर, बार्ज लांब होता रे. लाट वगैरे काही आली नव्हती."

फुलं आणखी हातभर पुढे गेली.

उत्तम बोलत राहिला. त्या दिवशी निघताना त्याच्या लाइफ जॅकेटचं बक्कल तुटलं. अक्षदानं आपलं जॅकेट काढून त्याला घातलं आणि तुटलेलं स्वतः नुसतं अडकवलं, म्हणाली मला पोहता येतं, तुम्हाला कुठं येतं. मग इथं, याच जागी, त्याच्या गळाला जिताडा लागला. हातभर लांबीचा. एवढा मासा त्याला जन्मात कधी लागला नव्हता. रूपेरी अंगाचा, ऊन पडून नुसता झळकत होता. आणि त्याला राहवलं नाही. लहान पोरानं आईला दाखवावं तसा तो दोन्ही हातांत मासा धरून मागे वळला. बघ, अक्षू. एवढं म्हणायला.

"होडी उलटली," उत्तम म्हणाला. "मी उलटवली."

तो सांगत होता आणि त्याचा आवाज धुक्यात कुठंच जात नव्हता, तिथल्या तिथं साठत होता. तो वर आला तेव्हा होडीच्या एका अंगाला होता, नाकातोंडात पाणी, खोकल्यानं बोलता येईना. अक्षदा पलीकडच्या अंगाला होती. तिनं होडी धरली होती, तिची बोटं त्याला कडेवर दिसत होती. ती ओरडत होती. पप्पा, पप्पा कुठायत. तो चार हातांवर होता. त्याला नुसतं इथं आहे एवढं म्हणायचं होतं. ते जमलं नाही. मग ती बोटं सुटली. ती त्याला शोधायला खाली गेली.

"मला शोधायला गेली रे... आणि मी वरच होतो."

पुलावरचे हॉर्नही थांबले होते. ओहोटीचं पाणी होडीच्या पोटाखालून सळसळत निघालं होतं, तेवढाच आवाज. मग मागून कोणीतरी विचारलं. आवाज दबका होता, पाणी प्यायल्यासारखा घोगरा.

"मग... सापडले का?"

सुधीरचा घसा बसला असेल असं उत्तमला वाटलं. किंवा त्यानं तसं वाटून घेतलं.

"सापडली की. तिसऱ्या दिवशी. तुला माहितीये ना, आनंदा कोळ्याला दिसली, तिवरांत..."

"ती नाही."

उत्तमचे हात वल्ह्यावर गोठले.

"पप्पा," मागचा आवाज म्हणाला. "माझे पप्पा सापडले का?"

त्या क्षणी त्याला सगळं एकदम कळलं. मागे किती वजन आहे ते. ते कोणाचं आहे ते. ती असताना दर रविवारी जे वजन पाठीशी घेऊन तो या पाण्यावर फिरला, तेच. भीती होती. पण त्या भीतीच्या वर दुसरंच काहीतरी भरून आलं आणि त्यानं मान अर्धी वळवली. होडी लगेच कलली. पाणी कडेवरून आत आलं, बर्फासारखं. त्यानं मान जिथल्या तिथं थांबवली.

"अक्षू," समोरच्या पांढऱ्या धुक्याकडे बघत तो म्हणाला. "अगं, मीच. मीच पप्पा."

थोड्या वेळानं पुन्हा तोच प्रश्न आला, त्याच सुरात, अनोळखी माणसाला स्टँडवर कोणी गाडी विचारतं तसा.

"माझे पप्पा सापडले का? इथंच पडलेत... त्यांना पोहता येत नाही."

तिला त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. तिच्या लेखी तो अजून पाण्याखालीच होता आणि ती वर्षभर, भरती गेली ओहोटी आली, त्याला शोधत होती. उत्तमनं ओठ दाताखाली धरले. रक्ताची चव आली. आपण बाप आहोत हे तिला पटवायचा हट्ट त्यानं सोडून दिला. ते त्याला आयुष्यातलं सगळ्यात जड गेलं.

"सापडले, बाळा," तो म्हणाला. एखाद्या परक्या माणसानं सांगावं तसं, जमेल तितक्या शांतपणे. "तुझे पप्पा सापडले. जॅकेट होतं ना त्यांना, तू घातलेलं. त्यानं तरले ते. काठाला लागले. घरी आहेत."

"खरं?"

"खरं."

"आई आहे... त्यांच्याजवळ?"

"आहे. तू दमली असशील. तूही जा आता."

मागे एक लांब श्वास सुटला. ओझं खाली ठेवल्यावर सुटतो तसा. तो त्याच्या मानेला लागला, गार, ओला. मग वल्हं सीटवर ठेवल्याचा हलका आवाज झाला आणि होडीची मागची बाजू सावकाश वर आली.

आता वळलं तरी चालणार होतं. उत्तम वळला. मागच्या सीटवर कोणी नव्हतं. वल्हं नीट आडवं ठेवलेलं होतं, ती ठेवायची तसं. त्यावर त्यानं कपाळ टेकलं आणि वर्षभरात पहिल्यांदा तो मोठ्यानं रडला.

ओहोटीविरुद्ध एकट्यानं होडी परत आणायला त्याला तास लागला. धुकं विरळ झालं होतं. घाटाच्या पायरीवर सुधीर मांडीपर्यंत चिखलानं माखून बसला होता, चेहरा पांढराफटक. तो सांगू लागला, की ढकलताना पाय रुतला आणि मी तोंडावर पडलो, उठून बघतो तर होडी निघालेली. घसा फाटेस्तोवर हाका मारल्या. तू ऐकेचनास. मग उत्तमच्या चेहऱ्याकडे बघत तो हळूच बोलला.

"मागचं वल्हं पण चालत होतं रे."

उत्तम त्याच्याशेजारी पायरीवर बसला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. सुधीरनं मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी तो एवढंच म्हणाला, की आता हे वहिनींना सांग. आजच्या आज.

शेवंती मेथी निवडत होती. उत्तमनं तिच्यासमोर खाली बसून सांगितलं, या वेळी तोंडाकडे बघून. मासा, वळणं, लेकीची बोटं, बार्जचं खोटं, आणि सकाळचं सगळं. शेवंतीचे हात थांबले नाहीत. एकेक पान खुडत ती ऐकत राहिली. सांगून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"तिनं होडी धरली होती, आणि सोडली?"

"हो."

"तुमच्यासाठी."

उत्तमनं मान हलवली. शेवंतीनं जुडी संपवली, काड्या कागदात गुंडाळल्या, आत गेली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती साडी नेसून, पर्स घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि पोलीस स्टेशनला चला म्हणाली. तिथं त्याच्याशेजारची खुर्ची सोडून पुढच्या खुर्चीवर बसली. त्यानं जबाब बदलला. पुढे महिन्याभरात त्या तांडेलाची केस सुटली. शेवंती एकटी दिव्याला जाऊन त्याच्या बायकोची माफी मागून आली. घरात दोघं बोलायचे ते कामापुरतं. पण ती त्याचं ताट वाढायची आणि तो जेवेपर्यंत समोर बसायची. उत्तमला तेवढंही पुष्कळ होतं. होडी सुधीरनं गावी पाठवून दिली होती. उत्तम खाडीकडे फिरकला नाही. लेक सुटली, एवढ्या एका समाधानावर तो उठायचा आणि झोपायचा.

माघात एकदा बाळकुमच्या नाक्यावर त्याला आनंदा भेटला. तोच, ज्याला अक्षदा सापडली होती. सत्तरीचा माणूस, अजून डोलीचं जाळं लावायला खाडीत जाणारा. चहा घेता घेता तो घुटमळला आणि म्हणाला, एक गोष्ट बोलू का, राग मानू नका.

"वरीसभर आमाला ओहोटीला एक पोरीचा आवाज यायचा. आमी कोन तुमाला बोललो नाय. काय बोलाचा? पप्पा सापडले का, इतकाच इचारायची. आमी नाय म्हनायचो. आमाला काय ठाव, कोनाचे पप्पा..."

वर्षभर ते तिला नाही म्हणत होते. उत्तमनं ग्लास खाली ठेवला.

"आता नाही ना येत?" त्यानं विचारलं.

"नाय. ती गेली. मार्गशीर्षातच बंद झाला." आनंदानं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज उतरवला. "तवापासून बाप्या मानसाचा येतो."

"कुणाचा?"

"तुमी जाता का खाडीत, येकले? मना वाटला तुमीच. आवाज तुमचाच हाय, मी काय तुमाला आजपासून वलखत नाय. परवा होडी जवल नेली, तर कोन नाय. नुसता धुका."

उत्तमनं सांगितलं, की त्या रविवारनंतर मी पाण्यात पाय घातला नाही. आनंदानं मान हलवली, जणू हे त्याला आधीच माहीत होतं.

"रोज इचारतो," तो म्हणाला. "माजी पोर मागं बसली व्हती, कुटं दिसली का. रडतो बिचारा. आमी काय सांगू त्याला? सापडली म्हून सांगू?"

उत्तमनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि त्या रविवारी धुक्यात तिथल्या तिथं साठत राहिलेला आपला आवाज त्याला आठवला. गळ्यातून आवाज फुटला नाही.